बांधकामावरचे मृत्यू मोजायचे कसे?

‘बांधकाम हे धोक्याचं काम आहे’ हे वाक्य सगळ्यांनाच पटतं. पण प्रबंधात तेवढंच लिहून भागत नाही. किती धोक्याचं, हे सांगावं लागतं. त्यासाठी लागतो मृत्युदर, म्हणजे एक साधा अपूर्णांक: वर मृत्यू, खाली कामगार. गंमत अशी की गडबड दोन्हीकडे आहे.

आधी वरचा आकडा, म्हणजे अंश बघू. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, शहापूरजवळ सरळांबे इथे गर्डर बसवणारं अजस्र यंत्र कोसळलं. २० जण गेले. हे बांधकामातले मृत्यू, यात वाद नाही. आता कोंढवा, पुणे. २९ जून २०१९ ला पावसात एका सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. १५ जण दगावले, त्यात लहान मुलंही होती. माणसं रात्री आपापल्या खोपटात होती, कामावर नव्हती. ‘काम करत असताना झालेला मृत्यू’ अशी व्याख्या घेतली, तर हे सगळे मोजणीतून बाहेर! पण त्यांची झोपडी भिंतीखाली होती ती कामामुळेच.

शिवाय अशा मोठ्या घटना पेपरात तरी येतात. परांचीवरून किंवा स्लॅबच्या कडेवरून एकटाच कोणी पडला, तर फार तर चार ओळी. उंचीवरून पडणं हे तर बांधकामातल्या मृत्यूंचं जगभरातलं एक प्रमुख कारण.

आता पालीसारखं गाव घ्या. इथे पाच-सहा जणांची टोळी घर बांधते. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी केलेला. म्हणजे या टोळीतला कोणी पडून गेला, तर पोलिसांत ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होऊ शकते, पण कामगार खात्याच्या आकड्यात तो दिसेलच असं नाही.

खालचा आकडा, म्हणजे छेद, याहून फसवा. पावसाळ्यात बरीच कामं थांबतात, लोक शेतीकडे वळतात. समजा (हे फक्त उदाहरण), १०,००० कामगारांत वर्षाला २ मृत्यू झाले. दर झाला लाखामागे २०. पण प्रत्येकाने सरासरी सहाच महिने काम केलं असेल, तर पूर्ण वर्षाचे कामगार भरतात ५,०००, आणि दर होतो ४०. मृत्यू तेवढेच, धोका मात्र दुप्पट!

म्हणून या विषयाकडे वळणार असाल, तर आकडे गोळा करण्याआधी दोन व्याख्या वहीत लिहा: मृत्यू कोणाचा धरणार, आणि कामगार कोणाला म्हणणार. मग सरकारी नोंदीला पोलीस ठाण्यातली नोंद, स्थानिक बातम्या आणि नाक्यावरच्या मजुरांशी बोलणं जोडा. एकाच स्रोतावर थांबलात, तर दर कमी येईल. तो सुरक्षिततेमुळे कमी आला की नोंदच झाली नाही म्हणून, हे मात्र कळणार नाही.