मासळीच्या दुकानी विचारावयाचे प्रश्न

नानाखेड्याच्या बसस्थानकापासून अरबी समुद्र किती दूर आहे असे कोणी विचारले, तर त्याचे सोपे उत्तर असे देता येईल: इंदूरहून सुटून आपल्या उज्जैनमार्गे मुंबईस जाणारी अवंतिका एक्स्प्रेस रात्रभर धावते, तेव्हा कोठे पहाटे पालघरच्या सुमारास खिडकीतून खारा वारा आत येतो. इतक्या दूर राहणाऱ्या आपणांस समुद्रातील मासळीची काळजी कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही तसेच वाटे.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना होता. रत्नागिरीची माझी मावशी काही दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. पाहुणीचे आगतस्वागत करावे म्हणून मी तिला घेऊन मासळीच्या दुकानी गेलो. बर्फावर पापलेटे मांडलेली होती. लहान, चकचकीत आणि भावाने परवडणारी. एका मोठ्या माशाच्या किमतीत तीन मिळत होती. मी पिशवी पुढे केली. मावशीने त्यांतले एक उचलून आपल्या तळहातावर ठेवले. मासा तळहातातच मावला. ती म्हणाली, “अरे, ही तर पोरं आहेत. ह्यांना अजून आई व्हायचंय.” आणि मासा परत बर्फावर ठेवून दुकानाबाहेर पडली. दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला आणि मी जमिनीकडे.

मावशीच्या त्या एका वाक्यात जे शास्त्र आहे, तेच येथे थोडे उलगडून सांगावयाचे आहे. ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही अशी अनेक कुटुंबे आपल्या शाळेशी जोडलेली आहेत. त्यांनीही हे वाचण्यास हरकत नाही, कारण नदी व समुद्र सर्वांचेच आहेत.

मासळीचा साठा हा बँकेतील ठेवीसारखा असतो. व्याज खावे, मुद्दल राखावे. प्रत्येक माशाला अंडी घालण्याइतके मोठे होण्यास काही काळ लागतो आणि ती घालण्याचा त्याचा हंगामही ठरलेला असतो. मासा त्या वयास पोहोचण्यापूर्वीच पकडला, किंवा ऐन विणीच्या हंगामात पकडला, तर मुद्दलालाच हात लागतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड बेटाजवळ कॉड नावाचा मासा शतकानुशतके अमाप मिळत असे. तो कधी संपेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तो इतका घटला की १९९२ साली तेथील सरकारला ही मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार एकाएकी गेला.

आता आपल्या मराठी किनाऱ्याकडे येऊ. पालघर स्थानकापासून जवळच, समुद्रकाठी, सातपाटी नावाचे कोळ्यांचे मोठे गाव आहे. येथील पापलेट, ज्याला काही ठिकाणी सरंगा असेही म्हणतात, सर्वत्र नावाजलेले. परंतु गेल्या काही दशकांत पापलेट कमी मिळू लागले, आणि बारीक आसाच्या जाळ्यांत त्याची पिलेच मोठ्या प्रमाणावर सापडू लागली. जाळ्याच्या दोन गाठींमधील भोकाला आस म्हणतात. आस जितका लहान, तितका बारीक मासा त्यात अडकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटास राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून देण्यात आले. त्याहून लहान मासा पकडू नये असा नियम झाला. केरळने हे काम २०१५ पासूनच सुरू केले होते.

पापलेटासाठी ठरलेला किमान आकार १३५ मिलिमीटर आहे. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत जी पंधरा सेंटिमीटरची पट्टी असते ना, तिच्याहूनही हा आकार थोडा कमीच आहे. म्हणजे दुकानी जाताना ती पट्टी खिशात टाकली तरी पुरे. मासा पट्टीहून लहान दिसला तर घेऊ नये. हा आकार कायद्याने घातलेली खालची मर्यादा आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे; याहून चांगला मोठा मासा मागितला तर अधिक बरे.

आकारानंतर प्रश्न येतो काळाचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी आहे. त्यामुळे जुलैमध्ये उज्जैनला आलेला प्रत्येक समुद्री मासा चोरीचा असतो असे समजू नये. तो बंगालच्या उपसागरातून आलेला असू शकतो, किंवा आधी पकडून गोठवलेलाही असू शकतो. म्हणूनच दुकानदाराला विचारावे लागते. कोकणात हा नियम कायद्याच्या कितीतरी आधी रूढ होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करूनच पुन्हा पाण्यात लोटीत. खवळलेल्या समुद्राची भीती हे त्याचे एक कारण होतेच. पण त्या रजेचा लाभ मासळीलाही होत असे.

आपल्या मध्य प्रदेशातही असा बंद काळ आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९७२ च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांतील मासेमारीस आणि त्या मासळीच्या वाहतुकीस व विक्रीस मनाई असते. क्षिप्रा चंबळेला मिळते, चंबळेवर गांधीसागराचा विस्तीर्ण जलाशय आहे. या साऱ्या पाण्यात राहणारे रोहू, कटला, मृगल हे मासे पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यातच अंडी घालतात. पोसलेल्या एका रोहूच्या पोटात लाखो अंडी असतात. आषाढात असा एक मासा आपण कढईत घातला, तर त्याच्याबरोबर काय काय गेले याचा हिशेब करून पाहावा. (उज्जैनीत मराठी घरांचा श्रावण इतरांच्या श्रावणापेक्षा पंधरा दिवस उशिरा सुरू होतो, आणि श्रावण पाळणारी घरे मासळी वर्ज्य करतात. त्यामुळे बंद काळाचा शेवटचा भाग आपल्याकडे बहुधा आपोआपच पाळला जातो. प्रश्न उरतो तो ज्येष्ठ-आषाढाचा.)

मग पावसाळ्यात बाजारात दिसणारा रोहू सगळाच नदीचा असतो काय? नाही, आणि याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. रोहू, कटला हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तेथे अंडी घालीत नाहीत. त्यांना वाहते, चढते पाणी लागते. म्हणून पूर्वी तळ्यात सोडण्यासाठी लागणारी पिले नदीतूनच गोळा करून आणावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूखाली असलेल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यातच माशांची वीण घडवून आणली. आज हा दिवस राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो. त्या एका प्रयोगानंतर मत्स्यपालन नदीवर अवलंबून राहिले नाही. आज आंध्र प्रदेशातील तळ्यांत वाढलेला रोहू बर्फात बसून उत्तर हिंदुस्थानभर जातो. नदीशी संबंध नसलेल्या लहान तलावांना वरील बंदीही लागू नाही. तेव्हा दुकानी “भैया, यह माल कहाँ का है?” एवढे विचारणे पुरेसे असते. “आंध्रा का, तालाब का” असे उत्तर आले तर निश्चिंतपणे घ्यावा. “नदी का ताज़ा है” असे कोणी जुलैमध्ये अभिमानाने सांगू लागला, तर मात्र पिशवी घडी करून परतावे.

मोठ्या दुकानांतील शीतपेट्यांमध्ये हल्ली पुड्यांत गोठवलेली मासळी मिळते. तेथे विचारण्यास कोणी नसतो, पण पुड्याच बोलतात. ‘बासा’ नावाने मिळणारे पांढरे तुकडे समुद्री माशाचे नसून तळ्यात वाढवलेल्या माशाचे असतात. कोळंबीच्या पुड्यावर ‘वनामी’ असे लिहिलेले असेल, तर ती मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची जात समजावी. २००९ पासून आपल्याकडे तिच्या शेतीस परवानगी आहे. तळ्यातली कोळंबी सर्वस्वी निर्दोष असते असे नाही. अनेक देशांत तिच्या तळ्यांसाठी खारफुटीची वने तोडली गेली. तरीसुद्धा, समुद्राचा तळ खरवडीत जाणाऱ्या जाळ्याने कोळंबीबरोबर असंख्य बारीक मासळी मारली जाते, त्यापेक्षा ती बरी असे माझे मत आहे. मुशी, म्हणजे लहान शार्क, शक्यतो टाळावी. तिची वाढ सावकाश होते आणि पिले थोडी. बांगडा आणि तारली हे मासे लवकर वाढतात, लवकर वितात, स्वस्त असतात. आणि चवीत ते पापलेटाहून कमी आहेत असे कोकणातल्या माणसाजवळ म्हणून पाहावे!

परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी पुड्यावर निळ्या लंबगोलात माशाची खूण पाहावयास मिळते. साठा राखून केलेल्या मासेमारीचे ते प्रमाणचिन्ह असून ते देणारी संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडील शीतपेट्यांत ते क्वचितच आढळते. परंतु भारतात ते मान पहिल्यांदा मिळवणारे कोण, तर केरळातील कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातील तिसऱ्या वेचणारे लोक! परदेशी मागणी वाढल्यावर तेथील तिसऱ्या इतक्या उपसल्या गेल्या की १९९१ नंतर दोनच वर्षांत उत्पन्न निम्म्यावर आले. तेव्हा विणीचे तीन महिने, डिसेंबर ते फेब्रुवारी, काम बंद ठेवण्याचे ठरले; जाळ्याचा आस ३० मिलिमीटरहून कमी नसावा असा नियम झाला; आणि एका किलोत १४०० हून अधिक भरतील इतके बारीक मांस निर्यात करू नये असेही बंधन आले. तिसऱ्या पुन्हा वाढल्या. २०१४ मध्ये त्यांना ते प्रमाणचिन्ह मिळाले. ज्यांचे पोट त्या तिसऱ्यांवर अवलंबून होते त्यांनीच वर्षातले तीन महिने सोडून दिले, हे विसरू नये.

असो. त्या रविवारी आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो, तेव्हा आता पाहुणीला काय वाढावे या विचारात माझी पत्नी होती. मावशीने आपली ट्रंक उघडली. तीत पावसाळ्याच्या बेगमीचा सुका जवळा, सोडे आणि सुके बोंबील तिने कागदात गुंडाळून आणले होते. मे महिन्याच्या उन्हात कोकणातल्या अंगणात वाळवलेले. तिने जवळा तव्यावर कोरडा भाजला, कांदा, तिखट आणि कोकम घालून परतला, आणि गरम भाकरीबरोबर आम्हांस वाढला. वास मात्र इतका दरवळला, की समोरच्या घरातील काकूंनी दोन वेळा खिडकी लावून घेतली.