रिचर्डचा तंबू आणि झाडीचा पडदा

भाऊबीज उलटली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस लागतात. दिवसा मंडई, रात्री दंडार हे इथलं लोकनाट्य नाहीतर नाटक. साकोली, लाखनी, लाखांदूरकडे धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, घरोघरी लेकी-जावई, सोयरे उतरतात. पडदा वर जातो तो रात्री उशिरा, आणि प्रेक्षक उठतात तांबडं फुटताना. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

या नाटकांत नटामागे असणाऱ्या रंगवलेल्या पडद्याकडे पाहताना मला एक इंग्रजी चित्र आठवतं. 19 ऑक्टोबर 1741 रोजी लंडनच्या गुडमन्स फील्ड्स नाट्यगृहात चोवीस वर्षांच्या डेव्हिड गॅरिकने शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड रंगवला. संहिता मात्र कॉली सिबरने फिरवलेली होती. त्या एका भूमिकेने गॅरिक लंडनभर गाजला. चित्रकार विल्यम हॉगार्थने त्याला त्याच भूमिकेत रंगवलं आणि 1745 साली ते चित्र पुरं केलं. सव्वासहा फूट उंच, सव्वाआठ फूट रुंद. डंकम नावाच्या धनिकाने त्याचे 200 पौंड मोजले. आज ते लिव्हरपूलच्या वॉकर कलादालनात आहे.

प्रसंग बॉसवर्थच्या लढाईआधीच्या रात्रीचा. आपण मारलेल्यांची भुतं स्वप्नात पाहून राजा दचकून उठला आहे. डोळे विस्फारलेले, उजव्या पंजाची बोटं फाकलेली, डावा हात तलवारीवर. खाली चिलखत पडलंय, मागे छावणीतल्या शेकोट्या.

आता यात काय नाही ते पाहा. रंगमंचाच्या फळ्या नाहीत, प्रेक्षक नाहीत. हॉगार्थने नाट्यगृह पुसून टाकलं आणि खरीखुरी रणभूमी उभी केली. तरी तो पंजा नटाचाच आहे: शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावा असा.

झाडीत हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. इथे चित्र आधी तयार असतं. महाल, जंगल, रस्ता पडद्यावर रंगवलेला असतो आणि जिवंत नट त्याच्यासमोर उभा राहतो. लंडनमध्ये नट चित्रात शिरला. आपल्याकडे चित्र नटाच्या पाठीशी उभं राहिलं. दोन्हीकडे राहिलेलं काम बघणाऱ्याने मनात पुरं करायचं.

फरक पडतो तो नंतर. हॉगार्थच्या चित्रावरून 1746 साली छापील प्रती निघाल्या, त्यामुळे गॅरिकला न पाहिलेल्यांच्याही घरी तो पोहोचला. पडदा मात्र गुंडाळला जातो, पुन्हा उलगडला जातो. घडीघडीवर रंग उडतो, कापड विरतं. तो रंगवणाऱ्याचं नाव प्रेक्षक विचारत नाही.

यंदा मंडईला गेलात तर नटाबरोबर पडद्याचाही एक फोटो काढा. आणि तो कुणी रंगवला हे विचारून फोटोमागे लिहून ठेवा.