वात वळते तेव्हा

घरी मेणबत्त्या करायच्या ठरल्या की माणूस आधी मेण, रंग आणि सुवासिक तेलं शोधत हिंडतो. मीही तेच केलं. लेकाच्या उरलेल्या मेणखडूंचे तुकडे वितळलेल्या पॅराफिनमध्ये टाकले, रंग कुंकवासारखा सुरेख आला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मेणबत्ती लावली, तर थोड्याच वेळात ज्योत मिणमिणायला लागली आणि विझली. मेणात काहीच खोट नव्हती. खडूतल्या रंगाचे न विरघळणारे कण वातीत अडकून बसले होते. तेव्हापासून माझा सगळा जीव वातीत गुंतला आहे.

मेणबत्तीत घट्ट मेण जळतच नाही. आचेनं वरचं मेण वितळून वाटीसारखा खळगा होतो. त्यातलं पातळ मेण वातीच्या धाग्यांमधून वर चढतं, टीपकागद शाई ओढून घेतो तसं, आणि टोकाशी त्याची वाफ होते. पेटते ती ही वाफ. ज्योत हलकेच फुंकून विझवा. वातीतून वर जाणारा पांढरा धूर म्हणजे थंड होत चाललेली मेणाची वाफच. जळती काडी वातीला न टेकवता बोटभर वर, त्या धुरात धरा. ज्योत धुरावरून सरसर उतरून वातीवर येऊन बसते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०च्या नाताळात मायकेल फॅरेडे यांनी मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यांत त्यांनी हे करून दाखवलं होतं. आजही मुलं हे बघताना श्वास रोखून धरतात.

वात जाड झाली तर ती गरजेपेक्षा जास्त मेण ओढते. एवढ्या वाफेला पुरेशी हवा मिळत नाही, ज्योत उंच होऊन फडफडते आणि भिंत काळी होते. तरी काजळीला नुसती नावं ठेवू नयेत. ज्योतीचा पिवळा उजेड हा तिच्यात तापून झळाळणाऱ्या काजळीच्या कणांचाच. ते कण बाहेर पडण्याआधी जळून गेले पाहिजेत, इतकंच. उलट वात फार बारीक असली तर खळगा अरुंद राहतो, मेणबत्तीत मधोमध विहीर पडते आणि शेवटी ज्योत स्वतःच्याच मेणात बुडते. म्हणून साच्याचा व्यास बघून वात निवडायची.

युरोपात पूर्वी चरबीच्या मेणबत्त्यांना साधी पिळाची वात असे. तिचं जळकं टोक ज्योतीच्या आत, जिथे हवा पोचत नाही तिथेच उभं राही आणि धुरकटे. लोक कात्री घेऊन ते पुन्हा पुन्हा छाटत बसत. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये काँबासेरेस यांनी वेणीसारखी गुंफलेली वात आणली. ती जळता जळता एका बाजूला वळते, टोक ज्योतीच्या कडेला मोकळ्या हवेत येतं आणि तिथे जळून जातं. एवढ्याशा गुंफणीनं कात्रीचं काम संपवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पणतीतल्या वातीला ही सोय नाही. म्हणून आजी काडीनं काजळी झाडून वात पुढे सारायची.

त्याच सुमारास, त्याच देशात मिशेल शेव्हरल यांच्या चरबीवरच्या संशोधनातून स्टिअरिक आम्ल हाती आलं. पॅराफिनमध्ये ते थोडं मिसळलं की मेणबत्ती कडक होते आणि साच्यातून सहज सुटते.

घरी करणाऱ्यांनी मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवू नये, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावं. मेण पेटलंच तर पाणी कधीही ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण ठेवा. थिजताना मेण आकसतं आणि वातीभोवती खड्डा पडतो, तेव्हा थोडं मेण राखून ठेवून दुसऱ्यांदा ओतायचं. पेल्यातली मेणबत्ती पहिल्यांदा लावाल तेव्हा वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचेतो विझवू नका, नाहीतर पुढच्या वेळीही ती बहुधा तेवढ्याच गोलात जळते. दर वेळी लावण्याआधी वात पाव इंच ठेवून छाटा.

आणि पंखा बंद करा. वाऱ्यानं ज्योत एकीकडे झुकते, त्या बाजूचा काठ वितळतो आणि मेण ओघळतं. हवा थांबली की ज्योत सरळ होते. मग जवळ जाऊन बघा: वाकलेल्या वातीचं टोक ज्योतीच्या किंचित बाहेर आलेलं असतं, आणि त्यावर मोहरीएवढा लाल निखारा.