दप्तरातले वय आणि पेशींचे वय

गेवराई तालुक्यातील उमापूर आणि त्याच्या पंचक्रोशीत आज ऐंशीच्या पुढे गेलेली माणसे ज्या काळात जन्मली, त्या काळी बीड जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. जन्माची नोंद सरकारदरबारी होईलच अशी शाश्वती नव्हती, आणि पुढे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अदमासाने साल धरून १ जून ही तारीख मांडावी, हा तर अवघ्या महाराष्ट्राचाच रिवाज होता. वय ही दप्तरातील नोंदीहून निराळी, देहात घडत जाणारी गोष्ट आहे, हे या मुलखात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र ‘पेशी पुन्हा तरुण करता येतात’ ही वार्ता मोबाइलच्या द्वारे घरोघरी पोहोचल्यापासून तिच्याभोवती जे समज रूढ झाले आहेत, त्यांची छाननी होणे अगत्याचे आहे.

सात वर्षांत सगळे शरीर नवे होते, हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय समज. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि आतड्याचे अस्तर काही दिवसांत पालटते, हे खरे. परंतु मेंदूतील बहुसंख्य चेतापेशी जन्मभर त्याच राहतात, आणि हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का, तर पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याने नव्या होतात. शिवाय ज्या मूलपेशींपासून नव्या पेशी उत्पन्न होतात, त्या मूलपेशीही कालमानाने जीर्ण होत असल्यामुळे पेशी नवी असली म्हणजे ती तरुणच असेल, असे होत नाही.

पेशी स्वभावतः अमर आहे, हा समज तर एके काळी शास्त्रज्ञांमध्येही होता. न्यूयॉर्क येथे अलेक्सी कॅरेल यांनी १९१२ मध्ये सुरू केलेले कोंबडीच्या गर्भाच्या हृदयपेशींचे संवर्धन १९४६ पर्यंत चालू राहिले, आणि त्यावरून पेशींना मरण नाही असे मानले गेले. लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये माणसाच्या पेशी सुमारे पन्नास विभाजनांनंतर थांबतात हे दाखवून दिले, तेव्हा तो भ्रम ओसरला. गुणसूत्रांच्या टोकांशी असलेले टेलोमिअर प्रत्येक विभाजनात झिजतात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. ती झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेजला कित्येक जण अमृत समजतात. परंतु कर्करोगाच्या बहुतेक गाठी याच द्रव्याच्या बळावर अमर्याद वाढतात, हे ध्यानी घेतले म्हणजे पेशीच्या विभाजनाला मर्यादा असणे हे एक संरक्षणच आहे, असे दिसून येते.

मग पेशी तरुण करण्याची वार्ता सर्वथा खोटी आहे काय? नाही. क्योटोचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या प्रौढ पेशीला भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत नेले आणि त्या कार्याबद्दल २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळविले. अमेरिकेतील साल्क संस्थेने २०१६ मध्ये तीच जनुके अकाली वृद्ध होणाऱ्या उंदरांमध्ये थोडा थोडा वेळ जागृत केली, तेव्हा ते उंदीर अधिक जगले. हीच जनुके सतत जागृत ठेवली तर मात्र पेशी आपली ओळखच विसरतात आणि गाठी उद्भवतात. ही विद्या प्रयोगशाळेबाहेर पडून माणसाच्या आयुष्यवृद्धीचा सिद्ध उपचार झालेली नाही. तारुण्यासाठी मूलपेशींची इंजेक्शने देणाऱ्या जाहिरातींविषयीही एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतील मूलपेशी-रोपण वगळता असा वापर रीतसर चाचणीखेरीज करता येत नाही.

एकादशीच्या उपवासाने पेशी नव्या होतात, असेही म्हटले जाते. त्यासाठी दाखला दिला जातो तो पेशी आपल्यातील टाकाऊ भाग पचविते या क्रियेचा; त्या क्रियेच्या यंत्रणेच्या शोधाबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. ते संशोधन मुख्यतः यीस्टवरील होते, आणि साबुदाणा-शेंगदाण्याच्या फराळास त्यातून काहीच आधार मिळत नाही.

परंतु आमच्या जिल्ह्यात ज्या गैरसमजाने सर्वाधिक हानी केली, तो तारुण्य परत मिळविण्याचा नसून वार्धक्य ओढवून घेण्याचा आहे. ‘मुलं झाली, आता पिशवी कशाला हवी?’ हा गर्भपिशवीविषयीचा तो समज. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची आगाऊ उचल घेऊन नवराबायको, म्हणजे एक कोयता, ऊसतोडीला जातात. तेथे पाळीत विसावा घेतला तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. अंगावरून जाण्याचा त्रास घेऊन दवाखाना गाठावा, तर कॅन्सरची भीती घातली जाते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरांत सुमारे सतरा, तर देशभरात १५ ते ४९ वयोगटातील हेच प्रमाण शंभरांत तीनच्या आसपास आहे.

वस्तुस्थिती अशी, की पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले गेल्यास पाळी निसर्गक्रमाने नव्हे, एका दिवसात कायमची थांबते. इस्ट्रोजेन आटते, हाडे विरळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय राखले तरी ते सरासरीने काहीसे लवकर मंदावतात. डीएनएवरील मिथाइल खुणांवरून पेशींचे वय काढण्याची रीत स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये ३५३ स्थानांच्या आधारे बसविली, आणि २०१६ मध्ये त्यांनी व मॉर्गन लेव्हिन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेने रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रियांच्या रक्तपेशींचे वय सरासरीने अधिक भरले. तिशीत अंडाशय गमावलेल्या बाईला ‘लवकर म्हातारी झाली’ असे गाव म्हणते, त्या म्हणण्याला शास्त्राचा असा दुजोरा आहे. ‘कष्टकरी माणसाला म्हातारपण शिवत नाही’ हेही खरे नव्हे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे आणि विश्रांती, आहार व झोप सांभाळून केलेला व्यायाम यांचा देहावरील परिणाम एक नाही.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्यांच्यासाठी सारे संपलेले नाही. दवाखान्यातून सुटी होताना मिळालेला कागद जपून ठेवावा आणि केवळ पिशवी काढली की अंडाशयही काढले, हे डॉक्टरांकडून त्यावर वाचून घ्यावे. दोन्ही अंडाशय गेले असतील आणि वय नैसर्गिक पाळी जाण्याच्या, म्हणजे आपल्याकडे साधारणतः ४६-४७ वर्षांच्या, अलीकडचे असेल, तर संप्रेरकांचा उपचार घ्यावा किंवा कसे, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारावे. हिमोग्लोबिन, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचीही त्याच खेपेस विचारपूस करावी.