शून्य की गैरहजर?

१० गुणांच्या चाचणीत तिघांना ८, ६ आणि १० पडले. चौथं पोरगं आलंच नाही; आमच्या केनवडकडे सोयाबीन सोंगणीत असं होतंच. त्याच्यापुढे ० लिहिला तर चौघांची सरासरी ६. 'गैरहजर' लिहिलं तर तिघांची ८. शून्य म्हणजे आला पण जमलं नाही. गैरहजर म्हणजे त्याला किती येतं ते अजून माहीतच नाही. ० पाहून पुढचे गुरुजी त्याला कच्चा समजणार!

प्रोग्राममध्येही हीच गडबड होते. उत्तर सापडलं नाही की ० किंवा -१ पाठवून देतात. रस्ट या भाषेत त्यासाठी 'रिझल्ट' नावाचा प्रकार आहे. त्याचे कप्पे दोन: एकात उत्तर, दुसऱ्यात न मिळाल्याचं कारण. एका वेळी एकच भरलेला. अशा प्रकाराला बेरीज-प्रकार म्हणू, कारण शक्यतांची चक्क बेरीज होते: ० ते १० हे ११ गुण, अधिक आजारी, शेतावर, गावाला ही ३ कारणं, मिळून १४. कोणता कप्पा भरलाय हे तपासल्याशिवाय आतला आकडा हिशोबात घेता येत नाही. हास्केलमध्ये असाच 'आयदर' आहे.

आपल्या एक्सेलचं सरासरीचं सूत्र शब्द लिहिलेली चौकट सोडून देतं, ० मात्र मोजतं. तेव्हा तिथं सरळ 'शेतावर' लिहा. चाचणी परत कोणाची घ्यायची तेही कळतं.