विश्लेषण : हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला ‘मीठ बंद’ एवढाच सल्ला पुरेसा आहे का?

धडगाव तालुका बातम्यांत येतो तो बालकांच्या कुपोषणामुळे. मोठ्या माणसाचे, त्यातही हृदयरुग्णाचे कुपोषण फारसे चर्चेत येत नाही. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे; शरीराला लागते तेवढे रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही, अशी ही दीर्घकाळची अवस्था.

सूज कुपोषण कशी लपवते?

पायांत, पोटात पाणी साठते, त्यामुळे वजनकाटा खाली येत नाही. आत मात्र दंड-मांड्यांचे स्नायू झिजत असतात. आतड्यांनाही सूज येते, दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. सूज नसताना वर्षभरात 5 टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटले, म्हणजे 50 किलोच्या माणसाचे अडीच किलो, तर तो धोक्याचा इशारा समजतात.

आहाराने जीव वाचतो?

स्वित्झर्लंडमधील ‘एफर्ट’ चाचणीत कुपोषणाचा धोका असलेले 645 हार्ट फेल्युअर रुग्ण होते. ज्यांना गरजेनुसार ठरवून आहार दिला, त्यांच्यातील 30 दिवसांतले मृत्यू 8.4 टक्के, नेहमीच्या जेवणावर असलेल्यांत 14.8 टक्के. याउलट 2022 च्या ‘सोडियम-एचएफ’ चाचणीत मीठ फार कडक तोडूनही मृत्यू किंवा रुग्णालयाच्या फेऱ्या लक्षणीय घटल्या नाहीत. म्हणून मीठ मोकळे झाले, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सर्वांसाठीची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी आहे.

मग ताटात काय हवे?

खरी अडचण इथेच. अळणी डाळ घशाखाली उतरत नाही, मग डाळच सुटते आणि उरते कोरडी भाकरी. त्यापेक्षा खारवलेली सुकी मासळी, पापड, लोणचे टाळून उडदाची डाळ, अंडे, ताजी मासळी थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा खाल्लेली बरी. चवीला धडगावचा आमचूर आहेच! ‘कमी सोडियम’चे मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. रक्त कमी असेल तर लोहाआधी सिकलसेलची तपासणीही हवी, कारण या भागात तो आजार आहे.

ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातील रुग्णाने गोळ्या पुरेशा सोबत न्याव्यात. तीन दिवसांत 2 किलो वजन वाढले किंवा आडवे होताच धाप लागली, तर परतण्याची वाट न पाहता तिथलाच दवाखाना गाठावा.