‘हाऊ आर यू?’च्या पुढे काय?

ग्रामर पक्कं, टोफेलचा स्कोअर झक्कास, तरी अमेरिकेत पोचल्यावर जीभ अडखळते. अशा वेळी आणखी एक ग्रामरचं पुस्तक कामाला येत नाही. कामाला येतात त्या गप्पा!

सुपरमार्केटचा कॅशिअर तुम्हाला ‘हाऊ आर यू?’ विचारतो, तेव्हा त्याला तुमच्या सर्दीत काडीचाही इंटरेस्ट नसतो. ‘गुड, हाऊ आर यू?’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं, बस्स. फार फॉर्मल वाटतं? मग आठवून बघा, आपण शेजाऱ्यांना ‘काय, जेवण झालं का?’ विचारतो, तेव्हा आपल्याला तरी कुठे मेनू ऐकायचा असतो?

हे असं शेजारी ठेवून बघितलं की फंडा चटकन क्लिअर होतो. अमेरिकेत अनेक पब्लिक लायब्रऱ्यांमध्ये नेमकं हेच चालतं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तिथे आठवड्यातून एखाद दिवस गप्पांचा गट भरतो. बहुतेक ठिकाणी फी नसते, परीक्षाही नसते. एखादा स्वयंसेवक असतो, बरेचदा रिटायर्ड शिक्षक वगैरे. आणि टेबलाभोवती मेक्सिको, चीन, ब्राझीलहून आलेली मंडळी. पुण्या-नाशिकची एखादी मुलगीही त्यात दिसते.

तिचं काय अडलेलं असतं? नवऱ्याचा एच-वन व्हिसा, तिचा एच-फोर. इथे ती ऑफिसात टीम सांभाळत होती. तिथे तिला लगेच नोकरी करता येत नाही. २०१५पासून एच-फोरवाल्यांना कामाचा परवाना मागता येतो खरा, पण तो ग्रीन कार्डच्या वाटेवर ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांनाच. नवरा दिवसभर इंग्रजी बोलून घरी येतो आणि ही दिवसभर कुणाशी बोलतच नाही. मग मुलाच्या शाळेत टीचरसमोर बसल्यावर सगळं समजत असूनही ती ‘येस, येस’च्या पुढे जात नाही. प्रश्न नुसत्या इंग्रजीचा नसतो, हळूहळू कॉन्फिडन्सच जायला लागतो.

टिपमागचं गणित

चांगला स्वयंसेवक विषय अगदी साधा काढतो. उदाहरणार्थ, हॉटेलातली टिप. ‘पंधरा-वीस टक्के द्यायची’ हा नियम कुणीही सांगेल. ‘पण का?’ असं कुणी विचारलं की खरी मजा सुरू होते. तिथल्या फेडरल कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतं. हा आकडा १९९१पासून हललेला नाही! टिप धरूनही ७.२५ डॉलर होत नसतील, तर फरक मालकाने भरायचा. कॅलिफोर्नियात मात्र पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. म्हणजे आपण टेबलावर ठेवतो ती नुसती बक्षिसी नाही, त्यातून वेटरचा पगार निघतो. एवढं कळलं की चीनची बाई तिच्याकडे टिप का देत नाहीत ते सांगते, आपली मुलगी बडीशेपेच्या बशीत ठेवलेल्या नोटेबद्दल सांगते. बोलता बोलता अर्धा तास जातो आणि भूतकाळ, वर्तमानकाळ सगळे आपोआप जागेवर बसतात.

थँक्सगिव्हिंगचंही तसंच. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, टर्की, भोपळ्याचा पाय... ही माहिती पाच मिनिटांत संपते. पण १९७०पासून त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला काही मूळ अमेरिकन लोक शोकदिन पाळतात, हे कळल्यावर टेबलावर शांतता पसरते. एकाच दिवशी एकाच देशात सण आणि सुतक? आपल्याकडे असं काही आहे का? आता कुणालाच गप्प बसवत नाही.

गुगली आणि कर्व्हबॉल

ऑफिसातलं इंग्रजी अडतं ते बेसबॉलपाशी. बॉस ‘बॉलपार्क फिगर’ मागतो, म्हणजे अंदाजे आकडा. ‘टच बेस’ करू म्हणतो, म्हणजे थोडं बोलून घेऊ. कुणी ‘कर्व्हबॉल’ टाकला, म्हणजे अनपेक्षित अडचण आणली. बेसबॉल न बघता हे पाठ करायचं म्हणजे शिक्षाच. पण आपण तरी काय करतो? मित्राचं लग्न ठरलं की ‘विकेट पडली’ म्हणतो, इंटरव्ह्यूत अवघड प्रश्न आला की ‘गुगली टाकली’ म्हणतो. एकदा गुगली समजावून सांगा, कर्व्हबॉल परत विसरणार नाही.

आपल्याकडचंही सांगा ना!

हे गट फसतात कुठे? सगळं एकतर्फी झालं की. ‘अमेरिकन्स असं करतात, तुम्हीही करा’ अशी यादी सुरू झाली, की शिकणारे पुन्हा शाळेतल्या बाकावर जाऊन बसतात. आपल्याला तर गप्प बसायचं कारणच नाही. जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग डेची सुट्टी असते. त्या आठवड्यात विषय वंशभेदाचा निघाला, तर मराठी माणसाकडे सांगायला केवढं आहे! १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. खुद्द किंग १९५९ साली भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले.

आणि पंडिता रमाबाई? १८८६ साली त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, देशभर फिरल्या आणि १८८९ साली त्यांचं अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं मराठी पुस्तक आलं. तिथल्या स्त्रियांच्या कामाचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, वंशभेदावर टीकाही केली. पाहुणी म्हणून गेल्या, पण मत मांडायला कचरल्या नाहीत!

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

* पहिल्याच भेटीत पगार, वय, धर्म, वजन विचारू नका. ‘तुमच्याकडे हे का विचारत नाहीत?’ हे मात्र खुशाल विचारा.
* ‘वी शुड गेट टुगेदर समटाइम’ हे आमंत्रण नाही. तारीख ठरली की खरं.
* ‘मी २०१८ला पास आउट झाले’ म्हणालात तर समोरचा घाबरेल. तिथे त्याचा अर्थ चक्कर येऊन पडणं. ‘ग्रॅज्युएट झाले’ म्हणा. ‘प्रीपोन’ही इथेच ठेवून जा.
* टेक्सास म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. ‘अमेरिकन लोक असेच’ म्हणण्याआधी ‘माझी शेजारीण’ म्हणून बघा.

व्हिसाच्या खिडकीवर आपण फक्त उत्तरं देतो. लायब्ररीतल्या टेबलावर प्रश्न विचारायची मुभा असते, तेही मोडक्या इंग्रजीत. आठवड्यातून एक तास तिथे बोललं, की शाळेत टीचरसमोर ‘येस’च्या पुढचं पहिलं वाक्य सुचतं. तेव्हा कुणी जवळचं तिकडे निघालं असेल, तर लोणच्याच्या बरणीबरोबर जवळच्या लायब्ररीचा पत्ताही द्या.